‘जाऊन येते’ म्हणायचीही चोरी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये आमच्या बचत गटाची बैठक होती. जुन्या बराकीतल्या एका घराच्या पुढच्या खोलीत आम्ही बारा-तेरा जणी दाटीवाटीनं बसलो होतो. विषय रेशनकार्डाचा, त्यामुळे दोन तास कधी गेले कळलं नाही. जीन्सच्या गाळ्यात धागे कापायचं काम करणारी आमच्यातली एक जण मात्र मघापासून चुळबुळ करत होती. कधी ही मांडी, कधी ती मांडी. शेवटी मी विचारलं, “काय गं, बरं वाटत नाही का?” तर म्हणाली, “काही नाही ताई, घरी गेल्यावर जाईन.”

कुठे जाईन हे तिनं सांगितलं नाही, आणि कुणाला विचारावंही लागलं नाही. जिचं घर होतं ती म्हणाली, “अगं, आत मोरी आहे की! आधी ऊठ.” ती लाजत उठली, जाऊन आली. तिच्या शेजारी बसलेल्या मावशींनी सहज विचारलं, “सकाळी कधी गेली होतीस गं?” ती म्हणाली, “सहाला. पाणी आलं तेव्हा.” त्या वेळी दुपारचे तीन वाजले होते.

मग रेशनकार्ड बाजूला राहिलं. आम्ही एकेकीला विचारत गेलो. घरी पापड लाटणारी म्हणाली, पीठ भिजवलेलं असलं की मी उठतच नाही, वाळून जातं. धुण्याभांड्याची चार घरं करणारी म्हणाली, मालकिणीचा संडास वापरायची परवानगी नाही, आणि विचारायची मला लाज वाटते. रोज लोकलनं मुंबईला जाणारी म्हणाली, मी घरून निघताना चहासुद्धा अर्धा कप घेते. एकीला वर्षातून तीनदा तरी ‘उन्हाळी लागते’. एक जण खोकली की तिला परकर बदलावा लागतो. हे ती तेवढ्यात, खाली मान घालून, पहिल्यांदाच कुणाजवळ तरी बोलली. तिचा धाकटा मुलगा तेव्हा नववीत होता. म्हणजे चौदा वर्षं तिनं हे एकटीनं निस्तरलं होतं.

त्या दिवशी घरी येताना मला स्वतःचीच लाज वाटली. कारण या गटात मी सात-आठ वर्षं जाते. हुंडा, मारझोड, पोटगी, रेशन, दारूचं दुकान, सगळ्यावर आम्ही बोललो. हे बोललो नव्हतो.

आणि मला तर हे चांगलं ठाऊक असायला हवं होतं. मी अनेक वर्षं मुंबईच्या एका कचेरीत नोकरी केली. उल्हासनगर स्टेशनपासून सीएसटीपर्यंत दीड तास, लोकलच्या डब्यात संडासाची सोय नाही. कचेरीत बायकांसाठी संडास होता, पण तिथे जायचं तर सगळ्या पुरुष कारकुनांच्या टेबलांसमोरून जावं लागे. दिवसातून दोनदा उठलं की कुणीतरी हटकून विचारी, “काय बाई, आज बरं नाही का?” मी एकदाच, जेवणाच्या सुट्टीत जायला शिकले. मग जाण्याची गरजच पडू नये म्हणून पाणी तोडायला शिकले. त्याचं मला कौतुकही वाटे. “मला काही लागत नाही बाई, मी संध्याकाळपर्यंत राहू शकते,” असं मी नव्या मुलींना सांगत असे.

चौतिसाव्या वर्षी मला हुडहुडी भरून ताप आला, कंबरेच्या वर एका बाजूला असह्य दुखू लागलं. लघवीचा जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला होता. आठ दिवस सलाईन. त्याआधी वर्षभर मी जळजळीसाठी औषधाच्या दुकानातून दोन-दोन गोळ्या आणून खात होते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “दिवसातून किती वेळा लघवीला जाता?” हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. १९८० साली मथुरा प्रकरणानंतर बलात्काराच्या कायद्याविरुद्ध जी लाट उठली, तिच्यातून आमच्यासारख्या कितीतरी जणी चळवळीत आल्या. कायद्याची कलमं मला तोंडपाठ होती. पण आपल्या लघवीची पिशवी केवढी असते, दिवसातून ती किती वेळा रिकामी व्हायला हवी, हे मला माहीत नव्हतं.

ही सवय आपल्याला लागते कशी? मैत्रिणींनो, आठवून बघा. मुलगा पाच वर्षांचा असला की त्याला कुठल्याही भिंतीपाशी उभं करतात. मुलीला सांगतात, “निघायच्या आधी जाऊन ये, वाटेत सोय नाही.” जरा मोठी झाली की, “पाणी कमी पी, लग्नघर आहे.” त्याहून मोठी झाली की, “चार माणसांतून उठून जाऊ नये.” शाळेच्या संडासाला कडी नसते, म्हणून एक जण आत जाते आणि दुसरी दार धरून उभी राहते. दार धरायला कुणी नसलं की राहून जातं. आमच्या गल्लीतली एक सिंधी आजी, फाळणीनंतर लहानपणी आईबरोबर इथे आलेली, सांगायची की छावणीतल्या बराकींमध्ये कुटुंबाकुटुंबांत नुसते पडदे होते आणि संडास लांब. बायका पहाटेच्या अंधारात एकदा जायच्या आणि मग थेट रात्री. ८ ऑगस्ट १९४९ ला या छावणीचं उल्हासनगर झालं. बराकींच्या जागी इमारती आल्या, घरोघरी मोऱ्या आणि संडास आले. पण त्या आजीची सून आणि नात अजून सकाळी एकदा आणि रात्री एकदा याच हिशेबानं बाहेर पडतात. सोय बदलली तरी शिकवण तशीच हाडीमाशी रुजून राहिली आहे.

म्हणून मी गटात असं मांडलं की आपण या विषयावर नीट वर्ग घेऊ या. लघवीच्या सवयींचं शिक्षण. त्यावर पहिला विरोध झाला तो आमच्याच एका जुन्या कार्यकर्तीचा. ती म्हणाली, “तू बाईलाच दोष द्यायला निघालीस. बाजारात बायकांना मुतारी नाही, गाळ्यात शेठ उठू देत नाही, आणि आपण बाईला सांगायचं की तुझी सवय चुकते? आधी संडास मागा. सवय आपोआप सुधारेल.”

तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आरोग्यशिक्षणाच्या नावाखाली बायकांना दटावण्याचा उद्योग आपण पुष्कळ पाहिला आहे. भिंतीवर चित्रं लावायची, “रोज दोन-अडीच लिटर पाणी प्या” म्हणून सांगायचं आणि निघून जायचं. ते पाणी जिरवायचं कुठे, हे सांगणाऱ्याला पुसायला हवं. ज्या बाईला दिवसभर जायला जागा नाही तिला “पाणी पी” म्हणणं ही क्रूर थट्टा आहे.

पण “आधी संडास, मग सवय” हेही मला पटत नाही. एक तर संडास असूनही बायका जात नाहीत. माझ्या कचेरीत संडास होता. आमच्या धागे कापणारीच्या गाळ्यातही आहे, त्याची किल्ली शेठकडे असते. तीन वर्षांत तिनं ती किल्ली एकदाही मागितली नव्हती, कारण मागणं म्हणजे पुरुषासमोर ‘मला लागली आहे’ असं सांगणं. दुसरं, खोकताना जिचा परकर ओला होतो, तिच्या घरी संडास आहेच. तिला हवी होती ती माहिती, आणि आपण एकटी नाही हा दिलासा. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आपल्या शरीराची गरज ही खरी गरज आहे असं बाईला स्वतःला वाटल्याशिवाय ती त्यासाठी भांडत नाही. हुंड्याबद्दल आणि मारझोडीबद्दल आपण हेच म्हणत आलो ना? आधी जाणीव, मग मागणी. मग लघवीच्याच बाबतीत उलटा क्रम का?

शेवटी असं ठरलं की दोन्ही बरोबर करायचं. वर्गही घ्यायचे आणि त्यातून जी मागणी निघेल तिच्यामागे उभंही राहायचं. डॉक्टर असलेल्या एका मैत्रिणीला बोलावलं आणि लागोपाठ तीन रविवारी दुपारी बसलो. काय केलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण इतर गटांना करून पाहता येईल.

पहिल्या दिवशी आम्ही अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आणली. डॉक्टर मैत्रीण म्हणाली, मोठ्या बाईची लघवीची पिशवी साधारण एवढीच, चारशे ते पाचशे मिलीलिटरची. निम्मी भरली की पहिली चाहूल लागते. तेव्हा धावत सुटायचं कारण नाही, पण ती चाहूल तासन् तास मारूनही टाकायची नाही. दिवसभरात साधारण सहा ते आठ वेळा, म्हणजे तीन-चार तासांनी एकदा, आणि रात्री फार तर एकदा जावं लागणं हे बहुतेकींच्या बाबतीत ठीक समजायचं. धागे कापणारीनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “म्हणजे मी रोज दोन पाळ्या बुडवते की!”

मग बाईला संसर्ग लवकर का होतो ते पाहिलं. बाईची लघवीची नळी जेमतेम चार सेंटिमीटर लांब असते, पुरुषाची वीसच्या आसपास. शौचाच्या जागेवरचे जंतू बाईच्या पिशवीपर्यंत पोचायला फारसं अंतरच नसतं. आयुष्यात निदान एकदा तरी हा त्रास निम्म्या बायकांना होतो. लघवीवाटे हे जंतू धुऊन बाहेर पडत असतात. पाणीच कमी आणि लघवीही तुंबलेली, म्हणजे जंतूंना आयतंच फावतं. म्हणून शौचानंतर धुताना पुढून मागे धुवायचं, आणि नवरा-बायकोच्या संबंधानंतर उठून लघवीला जाऊन यायचं. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर हशा पिकला आणि मग एकीनं विचारलं, “आणि नवऱ्यानं उठू दिलं नाही तर?” त्यावर पुढचा अर्धा तास गेला. तो वाया गेला असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सवयी. इथे आम्हाला सगळ्यांनाच नवं कळलं ते असं की दाबून ठेवणं जसं वाईट, तसंच ‘लागली नाही तरी जाऊन ठेवते’ हेही सारखं सारखं चांगलं नाही. लांबच्या प्रवासाआधी एकदा जाणं वेगळं. पण दर अर्ध्या तासानं, भीतीपोटी जात राहिलं की पिशवीला थोड्याशा लघवीलाही हाक द्यायची सवय लागते. अशा बाईनं हळूहळू वेळ वाढवायचा. आज तासानं जात असेल तर पंधरा मिनिटं थांबायचं, आठवडाभरानं आणखी पंधरा. बसल्यावर घाई करायची नाही, कुंथायचं नाही, पिशवी पूर्ण रिकामी होऊ द्यायची. सार्वजनिक संडास घाण असतो म्हणून आपण अर्धवट उभं राहून, अंग चोरून उरकतो. त्यात ओटीपोटाचे स्नायू सैल पडत नाहीत आणि लघवी आत उरते. नीट उकिडवं बसता येईल इतका संडास स्वच्छ असणं ही म्हणूनच चैन नाही. बद्धकोष्ठ असेल तर त्याचाही भार पिशवीवर पडतो. दिवसभर नुसत्या चहावर राहणाऱ्यांनी एखादा कप कमी करून तेवढं पाणी प्यावं. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतं आहे. मोहरीच्या तेलासारखी गडद असेल तर कमी पडतं आहे. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

तिसरा दिवस त्या खोकणाऱ्या मैत्रिणीचा. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, सैल पडतात. मग खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की थेंब जातात. याला इलाज आहे, आणि पहिला इलाज बिनपैशाचा आहे. वारा सरताना आवरून धरावा तसे ते स्नायू आत ओढून घ्यायचे, पाचपर्यंत मोजायचं, सोडून द्यायचं, पुन्हा पाच मोजायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोळ्या लाटताना, लोकलमध्ये बसल्या बसल्या, कुणाला कळतही नाही. फक्त लघवी करताना मध्येच थांबवून हा सराव करायचा नाही. अर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं हे १९४८ साली लिहून ठेवलं आहे. इतक्या वर्षांत ते आमच्या कॅम्प नं. ३ पर्यंत पोचलं नाही. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, आणि तोवर सोडायचं नाही. अंग बाहेर येत असेल तर मात्र दवाखान्यात दाखवायलाच हवं.

डॉक्टर मैत्रिणीनं आणखी एक गोष्ट बजावून सांगितली. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर दुखणं, लघवीतून रक्त, यांतलं काही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही. गरोदर बाईनं तर साधी जळजळही अंगावर काढायची नाही, कारण संसर्ग वर चढला तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका असतो. दुकानातून दोन गोळ्या आणून खाल्ल्या की जळजळ थांबते पण जंतू सगळे मरत नाहीत, पुढच्या वेळी तीच गोळी लागू पडत नाही. ते ऐकताना मी माझ्याच चौतिसाव्या वर्षाकडे बघत होते.

अशा शिकवण्यानं खरंच काही फरक पडतो का? यावर परदेशात काम झालेलं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांचा आजार दुसऱ्या निम्म्यांच्या मानानं जवळजवळ अर्ध्यावर आला. अमेरिकेत मिशिगनमध्ये पाळी गेलेल्या साडेतीनशेच्या वर बायकांचा एक अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींना दोन तासांचा एक वर्ग दिला होता, त्यात हे व्यायाम आणि वेळ वाढवण्याची सवय शिकवली. वर्षानंतर त्या वर्गातल्या बायकांची स्थिती वर्ग न मिळालेल्यांपेक्षा चांगली होती. दोन तासांचा वर्ग! आपण रेशनकार्डावर त्याहून जास्त वेळ बसतो.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण याच्याही आधीचं आहे, आणि ते जास्त बोलकं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि ती १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त आठ. तो अभ्यास लघवीच्या सवयींचा नव्हता. पण आपल्या बायका किती सोसतात आणि किती गप्प बसतात, हे त्यानं आकड्यांत दाखवलं. आमच्या शहरातल्या बायका गडचिरोलीतल्या बायकांपेक्षा दवाखान्याच्या जवळ राहतात. पण तिथे जाऊन काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे इथेही अडतंच. आमच्या वर्गात पहिले वीस मिनिटं नुसते शब्द गोळा करण्यात गेले. कुणी ‘एक नंबर’ म्हणे, कुणी ‘बाथरूमला’, कुणी नुसतंच ‘तिकडे’. लघवी हा शब्द मोठ्यानं उच्चारल्यावर तीन जणींनी दाराकडे पाहिलं.

आता पुढे काय झालं ते सांगते. फार मोठं काही झालं नाही. तिसऱ्या रविवारनंतर धागे कापणारी आणि तिच्या गाळ्यातल्या आणखी चार जणी एकत्र शेठकडे गेल्या आणि म्हणाल्या, “किल्ली खिळ्याला अडकवून ठेवा. दरवेळी मागायला आम्हाला बरं वाटत नाही.” शेठ आधी बोलला की तुम्ही मग कामच करणार नाही. मग त्यानंच किल्ली खिळ्याला लावली. एकटीनं तीन वर्षांत जे झालं नाही, ते पाच जणींनी मिळून एका दुपारी झालं. धुण्याभांड्याची कामं करणारी एका मालकिणीला विचारून मोकळी झाली, तिथे हो म्हणाले. दुसरीकडे नाही म्हणाले, तिथे ती अजून दाबूनच ठेवते. पापड लाटणारीनं पिठावर ओलं फडकं टाकून उठायला सुरुवात केली. खोकणाऱ्या मैत्रिणीनं महिनाभर व्यायाम केला, मग कंटाळून सोडला, मग आम्ही मागे लागल्यावर पुन्हा धरला. बरं वाटतंय म्हणते.

आणि आमच्या भागातल्या बाजारात? तिथे पुरुषांच्या मुतारीचा वास लांबून येतो. बायकांनी कुठे जायचं हे अजून कुणी सांगू शकत नाही. म्हणजे माझी ती जुनी कार्यकर्ती मैत्रीणही चुकीची नव्हती. सवयीचं शिक्षण बाईला गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडतं. पुढचा रस्ता मागणीचाच आहे.

त्या रस्त्यावर आपल्या आधी बायका चाललेल्या आहेत. मुंबईत २०११ साली ‘कोरो’ आणि इतर अनेक संस्थांनी मिळून ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा प्रकार त्यांनी चव्हाट्यावर आणला. नाव ऐकून लोक हसले, पण तोंडावर हात न ठेवता हा विषय बोलायचा असतो हे त्या नावानंच शिकवलं. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’नं आणि इतरांनी केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला, आणि रस्त्यावर वावरणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित प्रसाधनगृहं पुरवणं हे महापालिकांचं कर्तव्य ठरवलं. कारखान्यात बायकांसाठी वेगळी, बंदिस्त सोय हवी हे तर १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. पण विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले तर तो लागू होई, आणि २०२० च्या श्रमसंहितेनं कारखान्याची ती मर्यादा वीसवर नेली. सहा-सात जणींचा गाळा आणि घरातली पापडाची लाटणी या हिशेबात बसतच नाही. आमच्या शहरातल्या कितीतरी बायकांचं काम मात्र याच दोन जागी चालतं. तिथे किल्ली खिळ्याला अडकवायला आपणच जायला हवं.

म्हणून माझं सगळ्या गटांना सांगणं आहे की हा विषय ‘आरोग्य’ या कप्प्यात टाकून डॉक्टरांवर सोपवू नका. आपल्या बैठकीतच घ्या. सुरुवात भाषणानं नको, “आज सकाळपासून कितीदा गेलीस?” या प्रश्नानं करा, आणि आधी स्वतःचं उत्तर द्या. वस्तीतल्या आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना बोलवा, त्यांनाही दिवसभर फिरतीवर जायला जागा नसते. किशोरवयीन मुलींच्या शिबिरात पाळीबद्दल आपण आता बोलतो, तिथेच लघवीबद्दलही अर्धा तास ठेवा, आणि शाळेतल्या संडासाला कडी आहे का ते त्याच मुलींना विचारा. मुलग्यांनाही बसवा. उद्याचे शेठ, नवरे आणि नगरसेवक त्यांच्यातूनच होणार आहेत. आणि आपल्या सभा, शिबिरं, मोर्चे ठरवताना माईक आणि सतरंजीबरोबर संडासाचीही चौकशी करा. आजवरच्या किती मोर्चांत आपण हजारो बायकांना गावोगावहून आणलं आणि दिवसभर दाबून बसायला लावलं, याचा हिशेब आपल्याकडेही निघतो.

आमच्या गटानं आता एक साधा नियम केला आहे. बैठकीला तास झाला की जिच्या घरी बैठक असेल ती म्हणते, “मोरी या बाजूला.” पहिल्या दोन बैठकांत कुणी उठलं नाही. तिसरीत सगळ्यांत आधी उठली ती धागे कापणारी, आणि जाताना मोठ्यानं म्हणाली, “मी लघवीला जाऊन येते, तोवर माझ्याशिवाय काही ठरवू नका.”